एक तास वीस मिनिटं

फोनवरच्या माणसानं तिकीट शोधता शोधता रिसीव्हर जरा बाजूला धरला आणि स्वतःशीच पुटपुटला, "कुठी ठेवलं गा." कौसल्याच्या हातातली पेन्सिल थांबली. त्याआधी तो जे काही बोलला होता ते सगळं इस्त्री केलेलं होतं. उद्या सकाळच्या मुंबईच्या विमानातली जागा पक्की करायची आहे, नाव राव, रूप राव, सीताबर्डीतल्या हॉटेलातून बोलतो आहे, विमान वेळेवर सुटतं ना. तिनंही नेहमीच्या आवाजात सांगितलं होतं की आठ दहाला सुटतं, साडेनऊला सांताक्रुझ, एक तास वीस मिनिटं. मग तिनं तिकिटाचा नंबर विचारला होता. कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या आडून ते तीन शब्द आले, जणू दुसराच कुणी माणूस त्या खोलीत पलंगाखाली वाकून काही शोधत होता. नंबर सापडला, तो सांगताना भाषेवरून पुन्हा इस्त्री फिरली, आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला. कौसल्यानं नंबर बरोबर लिहून घेतला होता. तिचा नंबर कधी चुकत नसे. समोरच्या भिंतीवर देशाचा नकाशा होता, नागपूरपासून चारी दिशांना लाल रेघा गेलेल्या. ती नकाशाकडेच पाहत होती, पण तिला दिसत होता उमरेडच्या घरातला मागाचा खड्डा आणि त्यात उतरून, धोट्यातून पडलेली कांडी चाचपडत शोधणारा तिचा धाकटा भाऊ. "कुठी गेली गा," असं तो त्या कांडीलाच विचारायचा.

विमान कंपनीच्या त्या काउंटरवर बसायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. आता चौऱ्याहत्तर साल चाललं होतं आणि ती अडतीस वर्षांची होती. छातीवर पितळी पट्टी, मिस के. एल. रामटेके. नवा माणूस आधी पट्टी वाचायचा, मग चेहरा वाचायचा, आणि मग आपल्याला काय कळलं ते लपवायचा किंवा लपवायचा नाही. तिला दोन्हीची सवय होती आणि दोघांनाही ती त्याच सुरात उत्तर द्यायची. दिल्ली किती, कलकत्ता किती, हैदराबाद किती, हे तिला वहीत बघावं लागत नसे. मुंबई रेल्वेनं आठशे सदतीस किलोमीटर आणि पंधरा-सोळा तास. हवेतून सातशेच्या आत आणि एक तास वीस मिनिटं. कित्येक लोक तिकीट काढायला येतच नसत, नुसतं विचारायला येत. बर्डीवर कापड घ्यायला आलेलं एखादं शेतकरी जोडपं काचेचा दरवाजा ढकलून आत यायचं, पंख्याखाली उभं राहायचं आणि विचारायचं की हे इमान मंबईले कितीकात जाते बाई. तिनं सांगितलं की ते एकमेकांकडे बघून हसायचे. तिला ते हसू आवडायचं. इतकं मोठं अंतर आपल्या तोंडून इतकं छोटं होऊन बाहेर पडतं याचं तिला समाधान वाटे. ती स्वतः मात्र एकदाही विमानात बसली नव्हती. कर्मचाऱ्यांना वर्षाला पास मिळायचा, तो दर वर्षी तसाच विरून जायचा. कुठं जाणार? माय घरी एकटी, असं ती सांगायची, आणि ते खरं होतं.

रुपराव एकोणसाठ साली मुंबईला गेला. आधी पत्रं यायची, मग वर्षाला दोन, मग देवाजीच्या मार्फत निरोप. देवाजी त्यांच्याच आळीतला, परळला गिरणीत होता. रुपरावाचा पत्ता म्हणून घरात देवाजीचाच पत्ता होता. खोल्या बदलत असतो, कंपनी फिरवत असते, असं रुपरावाचं कारण होतं, आणि ते कौसल्यानंच मायला समजावून दिलं होतं. पुढं त्याचं लग्न झाल्याचंही देवाजीकडूनच कळलं. माय विचारायची, काहून येत नाही तो? कौसल्या सांगायची, मुंबई लांब आहे माय. सोळा तास जायला, सोळा यायला, दोन दिवस गाडीतच जातात, सुट्टी किती मिळते त्याला? अंतराचा हिशेब तिच्या हातचा होता. ज्या तोंडानं ती दिवसभर सातशे किलोमीटर चिमटीत धरून दाखवायची, त्याच तोंडानं संध्याकाळी घरी आल्यावर ते पुन्हा सैल सोडायची. तिला यात कधी काही विसंगत वाटलं नव्हतं. आता फोनवर हात ठेवून बसली असताना ते पहिल्यांदा वाटलं, आणि त्याहून आधी तिला वाटलं ते त्या नावाचं कौतुक. रूप राव. त्यानं काहीच बदललं नव्हतं. बापानं ठेवलेल्या नावाच्या मध्ये नुसती थोडी जागा सोडली होती, आणि मागचं आडनाव गाडीत राहून गेलेल्या पिशवीसारखं राहू दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. मागच्या खोलीत कपाटात गेल्या दोन वर्षांतल्या प्रवाशांच्या याद्या महिन्यावार गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या. ती स्टुलावर चढली आणि एकेक गठ्ठा उतरवू लागली. तिला ठाऊक होतं कुठं बघायचं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं आर शोधायला वेळ लागत नाही. राव, आर. मागच्या ऑगस्टमध्ये एकदा. डिसेंबरात एकदा. जानेवारीत येणं आणि जाणं एकाच दिवशी. दोन वर्षांत सात वेळा तो नागपुरात येऊन गेला होता. मुंबईहून येणाऱ्या याद्या टेलिप्रिंटरवर यायच्या, पण इथून जाणाऱ्या याद्या इथंच टाइप व्हायच्या, आणि सातपैकी चार तिनंच टाइप केल्या होत्या. खाली तिची लहान सही होती. म्हणजे तिच्या बोटांनी हे नाव चार वेळा उमटवलं होतं आणि तिला काही कळलं नव्हतं. की कळलं होतं? स्टुलावर उभं राहून तिनं स्वतःला हा प्रश्न नीट विचारला, कारण स्वतःला फसवणं तिला आवडत नसे. नुसतं एवढं जाणवलं की घरात एकटंच लेकरू असण्याची तिला सवय झाली होती. मायचा डॉक्टर, मायचा चष्मा, बाच्या आजारपणातल्या फेऱ्या, हे सगळं तिनं उचललं, आणि ते उचलताना पाठ ताठ होते ती ताठ पाठ तिला प्रिय होती. तो आला असता तर ती थोडी वाकली असती. शेवटचा गठ्ठा गेल्या वर्षीच्या मार्चचा होता. तो सोडताना तिचे हात थांबले नाहीत, पण गाठ उगाच घट्ट वाटली.

बा दहा मार्चला दुपारी गेला. लहानू रामटेके, उमरेडचा विणकर, ज्यानं आयुष्यात कधी पाय सोडून दुसऱ्या कशावर भरवसा ठेवला नाही. छप्पन साली धम्मदीक्षेला तो घरच्या तिघांना घेऊन उमरेडहून चालत नागपूरला आला होता. बस होती, पण तो म्हणाला, या कामाले बसून नाही जायचं. दोन दिवस चालले. अठरा वर्षांचा रुपा पुढं, डोक्यावर भाकरींचं गाठोडं. आणि मैदानावर त्या लाखो पांढऱ्या कपड्यांत बावीस प्रतिज्ञा म्हणताना त्याचा आवाज असा चढला होता की पुढच्या ओळीतल्या बायका मागं वळून बघत होत्या. बा गेला त्या दुपारी कौसल्यानं देवाजीला तातडीची तार केली आणि ऑफिसात जाऊन मुंबईला टेलिप्रिंटरवरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात एक जागा राखून ठेवली, रामटेके, आर. दुसऱ्या दिवशी सकाळी, उमरेड सोडून ते नागपुरात जिथं राहायला आले होते त्या इंदोऱ्यातल्या घरासमोर माणसं जमली. उन्हं चढत होती. ती सगळ्यांना सांगत होती, साडेसातला विमान उतरते, सोनेगावहून यायला अर्धा तास, थोडं थांबा. बारापर्यंत थांबले. मग नेलं. तीन दिवसांनी देवाजीचं पत्र आलं की रुपराव दौऱ्यावर होता, तार त्याच्या हाती पडलीच नाही. अकरा मार्चची यादी तिनं त्या दिवशी संध्याकाळी पाहिली होती. एकच ओळ पाहिली होती. रामटेके, आर., आणि पुढं शिक्का, आला नाही. आज ती त्याच यादीवर बोट ठेवून उभी होती, आणि बोटाच्या बरोबर खाली, अक्षरांच्या क्रमानं यायला हवी तिथंच, पुढची ओळ होती. राव, आर. त्यापुढं कसलाच शिक्का नव्हता. तो आला होता.

ती खाली उतरली, गठ्ठे जसे होते तसे बांधून ठेवले, हात धुतले आणि पासाचा अर्ज भरला. साहेबांनी विचारलं, अचानक? ती म्हणाली, घरचं काम आहे, उद्या जाऊन उद्याच येईन. तिच्या अकरा वर्षांच्या नोकरीत असा हा पहिलाच अर्ज होता, म्हणून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. हॉटेल ऑफिसपासून दोन फर्लांगांवर होतं. ती आत्ता चालत जाऊ शकत होती. पण हॉटेलात दार असतं, आणि दार तो लावून घेऊ शकला असता. तिला वेळ हवा होता, आणि असा वेळ हवा होता की ज्यात कुणी उठून जाऊ शकत नाही. संध्याकाळी मायशी ती नेहमीसारखी बोलली. सकाळी मुंबईला ऑफिसच्या कामानं जाऊन येते, एवढंच सांगितलं. माय म्हणाली, जाऊन येते म्हणजे? उद्याच? आणि मान हलवत राहिली.

सोनेगावच्या विमानतळावर जागांचे नंबर ताराचंद देत असे. बडबडा माणूस, पण कामात चोख. कौसल्यानं त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, राव म्हणून प्रवासी आहेत, त्यांच्या शेजारची जागा द्या. ताराचंदनं एकदा तिच्याकडे, एकदा तक्त्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी पुढं केली. सगळे बसल्यावर ती शेवटी चढली. ज्या पायऱ्यांबद्दल, ज्या पट्ट्याबद्दल, कानात बसणाऱ्या दड्याबद्दल ती अकरा वर्षं लोकांना माहिती देत होती, ते सगळं तिला अगदी ओळखीचं वाटलं, जणू ती रोजच ये-जा करत होती. तो खिडकीशी बसला होता. केस कानावर पिकलेले, टाय, मांडीवर वर्तमानपत्र. शेजारी बाई बसते आहे म्हणून त्यानं कोपर सभ्यपणे आत घेतलं, अर्धवट हसून पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे वळला. मग त्याची मान तशीच राहिली. वळायला त्याला फार वेळ लागला.

"बाई," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला घरात म्हणतात तसं. त्या शब्दावर इस्त्री नव्हती.

"पट्टा बांध," ती म्हणाली.

विमान धावलं, उचललं. खिडकीबाहेर बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी त्याच्या खांद्यापलीकडे अंबाझरीचं पाणी ताटलीएवढं होऊन तिरकं झालं आणि गेलं. तिनं घड्याळ पाहिलं. आठ सतरा. गाडीत माणसं सावकाश बोलतात. आधी वर्धा येतं, मग बडनेरा, चहा होतो, दशम्या सोडतात, समोरच्या माणसाची चौकशी होते, आणि मनातलं बोलायला भुसावळ उजाडलं तरी चालतं. इथं मध्ये कुठलंच स्टेशन नव्हतं. तिला त्याची भीती वाटली नाही. तिला वाटलं, हेच बरं. पण कालपासून ती ज्याला राग समजत होती तो राग नव्हता. त्याच्या मनगटावर बाच्या मनगटासारखंच वरचं हाड बाहेर आलेलं होतं. चौदा-पंधरा वर्षांत माणूस भाषा बदलतो, नाव सुटं करतो, हाड मात्र तसंच ठेवतो.

"अकरा मार्चले तू आला होता," ती म्हणाली. तिनं प्रश्न विचारला नव्हता.

तो बोलू लागला तो हळू, पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत, आणि आधी मुंबईच्या भाषेत. तार देवाजीनं ऑफिसात आणून दिली होती. घरी त्यानं बायकोला सांगितलं की नागपूरच्या कारखान्यात मशीन बंद पडलं आहे. सकाळी विमान, सोनेगावहून टॅक्सी नको म्हणून सायकलरिक्षा. इंदोरा चौकात आल्यावर रिक्षावाल्याला थांब म्हणाला. तिथून घर दिसत होतं, दारातली माणसं दिसत होती, पांढरे कपडे दिसत होते. तो रिक्षातच बसून राहिला. अकरा, साडेअकरा. रिक्षावाला एकदा म्हणाला, साहेब उतरायचं का, तर तो म्हणाला, थोडं थांब. मग वंदना सुरू झाली आणि ती आवाजानं तिथपर्यंत आली. इथपर्यंत सांगून तो थांबला, आणि पुढचं बोलला तेव्हा भाषा त्याच्या हातून निसटली होती.

"मी म्हनाले लागलो, बाई. रिक्षात बसून. सगळे शब्द आले. मले वाटलं होतं इसरलो असन. एकबी शब्द नाही इसरलो. रिक्षावाला वळून पाहाले लागला. मंग मले भेव वाटलं."

"कशाचं?"

"का उतरलो त पुन्हा बसता येणार नाही."

एअर होस्टेस चहा घेऊन आली. दोघांनी घेतला. तो सांगत राहिला, आता न विचारता. पहिली खोली गिरगावात मिळाली तेव्हा मालकानं नाव विचारलं, हा म्हणाला रुपराव, मालकानं वहीत राव लिहिलं आणि विचारलं, हैदराबादकडचे का? त्यानं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. त्याआधी पूर्ण नाव सांगून चार खोल्या हातच्या गेल्या होत्या. मग त्या राव नावावर पत्रं येऊ लागली, नोकरी बदलली, आणि शामला भेटली. ती पुण्याकडच्या मास्तरांची मुलगी. तिला त्यानं सांगितलं की आईवडील लहानपणीच गेले. दर वर्षी वाटलं, यंदा सांगू. दर वर्षी सांगायची गोष्ट एका वर्षानं मोठी झाली. मोठी मुलगी दहा वर्षांची आहे, धाकटा मुलगा सव्वा वर्षाचा. बा गेला तेव्हा तो पोटात होता. कौसल्या ऐकत होती. चार खोल्या, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एकदम त्या अठरा वर्षांच्या आवाजाची आठवण झाली, मैदानावर चढलेल्या, आणि असा आवाज असलेल्या माणसाला चार दारांवर गप्प करण्यात आलं होतं हे तिला तिच्या पितळी पट्टीपेक्षाही जवळून कळलं. पण कळणं निराळं आणि जे करायला आलो ते निराळं. नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती.

"मी तुले परत न्याले नाही आली," ती म्हणाली. "लाजवाले बी नाही आली. तुले खोली भेटली नाही, नाव कापलं, ते तुझं तू पाह्य. पन इतके वर्सं मायले मीच सांगत होती का मुंबई लांब हाये, म्हणून रुपा येत नाही. माय तेच धरून बसली हाये. आता मी ते नाही सांगणार."

"मग काय सांगशील?"

"एक तास वीस मिनिटं."

त्यानं डोळे मिटले. वर्तमानपत्र मांडीवरून घसरून पायाशी पडलं आणि दोघांपैकी कुणी ते उचललं नाही. विमान खाली येऊ लागलं तेव्हा तिच्या कानात दडे बसले, आणि शेवटची दहा मिनिटं त्यांना एकमेकांचं काही ऐकू आलं नाही, किंवा ऐकण्यासारखं काही बोललं गेलं नाही. सांताक्रुझला उतरल्यावर तो तिच्या बरोबरीनं चालत राहिला. बाहेर टॅक्सीचं दार धरून त्यानं म्हटलं, घरी चल. ती थांबली. मग तो घाईनं म्हणाला, नागपूरच्या ऑफिसातल्या ओळखीच्या आहेत म्हणून सांगतो, शामला फार चांगली आहे. कौसल्याला त्याची दया आली, आणि दयेनं आपण चुकू हेही तिला त्याच क्षणी कळलं. तशी नाही येत, ती म्हणाली. त्यानं खिशातून कार्ड काढलं, मागं पेनानं घरचा पत्ता लिहिला आणि तिच्या हातात दिलं. तो लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. टॅक्सी गेली. संध्याकाळच्या विमानापर्यंत ती कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसून राहिली. तिथल्या बायका म्हणाल्या, पहिल्यांदा आलात तर समुद्र तरी बघून या. पण तिला एका दिवसाला एवढंच पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिची, बायजाबाईची, नजर आता अधू झाली होती, पण बोटांना खडा बरोबर कळायचा. कौसल्या समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. फोन, याद्या, नाव, रिक्षा, चार खोल्या. काही गाळलं नाही. रिक्षाचं सांगताना मात्र तिचा आवाज एकदा मागं राहिला. माय निवडत होती ती थांबली नाही. सांगून झालं तेव्हा सूप तिनं बाजूला ठेवलं, पदरानं डोळे पुसले, आणि ते पुसणं संपल्यावर एकदम कामाचं विचारायला लागली. लेकरं किती? दोन. पोरीचं नाव काय? ते कौसल्याचं विचारायचं राहूनच गेलं होतं.

"इमानात बाजूले बसून गेली अन् नातीचं नाव नाही विचारलं," माय म्हणाली. "काय केलं वं मंग इतका वेळ?"

कौसल्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, किती वेळ लागते म्हनते? कौसल्यानं सांगितलं. माय मनाशी काहीतरी जुळवत होती. उमरेडची बस दीड तास घेते, ती म्हणाली, कधी दोन. आणि मग तिनं जे म्हटलं ते अशा सुरात म्हटलं की त्यात विचारणं नव्हतंच.

"तो येऊन नाही राहिला त मी जातो. पाहून येतो अन् संध्याकाळी परत येतो."

कौसल्यानं तिला समजावून पाहिलं. त्याच्या बायकोला काही ठाऊक नाही, घर मोडेल, त्याची नोकरी, शेजारी. माय ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली की मी भांडाले नाही जाऊन राहिली, पण लपून बी नाही जाणार, मी का चोरी केली? कौसल्यानं समजावणं सोडलं, आणि सोडता आलं याचं तिला बरं वाटलं. तिनं कार्डावरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. दहा दिवसांनी, गुरुवारी, सकाळच्या विमानानं माय येते आहे, संध्याकाळच्या विमानानं परत येईल. दहा दिवस तुझे, त्यात काय सांगायचं ते तू सांग. नाही सांगितलंस तरी ती येणारच. पत्र पेटीत टाकताना तिचा हात क्षणभर पेटीच्या तोंडातच राहिला. चार दारं तिला आठवली. हे पाचवं दार आपण त्याच्यासाठी उघडतो आहोत की त्याच्यावर आपटतो आहोत? मग तिनं पत्र सोडलं. पत्राचं उत्तर आलं नाही.

आश्रित आईचा पास मिळाला. तिकीट कौसल्यानंच टाइप केलं, बायजाबाई लहानू रामटेके, संपूर्ण. एवढं नाव त्या चौकटीत जेमतेम मावलं. गुरुवारी माय पांढरं नऊवारी नेसून, जवसाच्या चटणीचा डबा पिशवीत घेऊन सोनेगावला आली. ताराचंदनं तिचा हात धरून तिला विमानापर्यंत नेलं. पायऱ्या चढताना तिनं कठडा धरला, एकेक पायरी पायानं तपासली, पण वर पोचल्यावर मागं वळून पाहिलं नाही. कौसल्या कुंपणाशी उभी होती. आठ बाराला विमान उचललं. त्या क्षणापासून आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही, हे तिला समजलं, आणि गेल्या अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कंपनीच्या बसनं ती बर्डीवर आली, काउंटरवर बसली. साडेनऊला टेलिप्रिंटर खडखडला, विमान उतरलं होतं. ती लोकांशी बोलत होती, दिल्ली, मद्रास, तिची उत्तरं बरोबर जात होती. दहा वाजले. साडेदहा. सांताक्रुझवर एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी आहे आणि कुणी येत नाही, हे चित्र तिनं एकदा पुरतं डोळ्यांसमोर आणलं आणि मग बाजूला ठेवलं. तिथल्या ऑफिसला तिनं कालच सांगून ठेवलं होतं, कुणी आलं नाही तर मायला खोलीत बसवून घ्या. पण ती माणूस सांभाळण्याची व्यवस्था होती. ज्यासाठी माय गेली होती त्याची व्यवस्था कोणालाही करता येत नव्हती. अकराला पाच कमी असताना फोन वाजला. मुंबईची लाइन आहे, बोला, एक्स्चेंजची बाई म्हणाली, आणि मग एका अनोळखी बाईचा आवाज आला, बसलेला, जसा खूप बोलल्यावर किंवा खूप गप्प राहिल्यावर होतो.

"वन्सं, मी शामला."

कौसल्यानं हा शब्द ऑफिसातल्या, महाल भागातल्या बायकांच्या तोंडी ऐकला होता, त्यांच्या नणंदांबद्दल बोलताना. कौसल्याच्या घराकडे असं म्हणत नसत. आणि तिला तर आजवर कोणत्याच शब्दानं कुणी नणंद म्हटलं नव्हतं. पलीकडून शामला सांगत होती की आई पोचल्या, आम्ही दोघंही आणायला गेलो होतो. ह्यांनी तुमचं पत्र चार दिवस खिशात ठेवलं आणि मग माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. आज चार दिवस झाले, मी ह्यांच्याशी बोललेले नाही. आडनावाचं काही नाही, ती म्हणाली, मग थांबली, आणि खरं सांगायचं ठरवल्यासारखी म्हणाली की आडनावाचंही थोडं आहेच, ते मी माझं बघेन. पण जिवंत माणसांना ह्यांनी माझ्याजवळ मेलेलं म्हणून सांगितलं, ते मला अजून जमत नाही. तिकडे मागं कुणीतरी लहान मूल रडत होतं आणि मायचा आवाज त्याला काहीतरी सांगत होता, मोठ्यानं, घरातल्यासारखा.

"आई म्हणतात संध्याकाळी परत जाणार," शामला म्हणाली. "तुम्ही जरा सांगा ना त्यांना. मी ह्यांच्याशी बोलत नसले तरी त्यांच्याशी बोलतेय."

"राहू द्या, वहिनी," कौसल्या म्हणाली. "परतीचं तिकीट मी इथून बदलते."

"कधीचं करता?"

"ते तुम्ही अन् माय ठरवा."

तीन मिनिटं संपली, लाइन तुटली. तिनं संध्याकाळची यादी पुढं ओढली, मायच्या नावावर पेन्सिलीनं सरळ रेघ मारली, आणि नोंदवहीत परतीच्या तारखेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ओपन.